शाळेत समुपदेशन सुरू करायचंय? जून ते एप्रिल नेमकं काय काय करायचं

दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी बऱ्याच शाळांत कुणीतरी पाहुणे येतात, सगळी पोरं हॉलमध्ये मांडी घालून बसतात, 'ताण घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा' असं तासभर ऐकतात, मग शाल-श्रीफळ, फोटो, फोटो ग्रुपवर, आणि अकरा तारखेला सातवी ब मध्ये परत तीच मारामारी. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच की बघा, समुपदेशन-बिमुपदेशन करून पाहिलं, पोरं आहेत तशीच आहेत. अहो पण केलंच कुठं?

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. पैसेवाल्या इंटरनॅशनल शाळेचा विचार करून लिहिलेलं नाही, साधी अनुदानित किंवा झेडपीची शाळा, वर्गात पन्नास-साठ पोरं, एक लॅब जी खरं तर स्टोअररूम आहे, असं धरून चालू.

आधी माणूस ठरवा, बाकी सगळं नंतर

बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात 'सेहर' नावाचा एक मोठा प्रयोग झाला, गोव्याच्या 'संगाथ' संस्थेनं केलेला. ७४ सरकारी शाळा, तीन गट. एका गटात बाहेरून नेमलेला, ट्रेनिंग दिलेला साधा माणूस, म्हणजे मानसशास्त्राची मोठी डिग्री वगैरे नाही. दुसऱ्या गटात अगदी तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. तिसऱ्यात नेहमीचं जे चालतं ते. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. पहिल्या गटात शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या गटात? जवळपास काहीच नाही. काम तेच, पुस्तिका तीच, फक्त करणारा वेगळा.

यात शिक्षकांना कमी लेखण्यासारखं काही नाही. ज्या सरांनी सकाळी गृहपाठ नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलं त्यांच्याकडेच दुपारी जाऊन 'घरी बाबा रोज पिऊन येतात' असं कुठलं पोरगं सांगेल? वर आपल्या शिक्षकांना पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस, निवडणुकीची ड्युटी, ऑनलाइन माहिती 'आज संध्याकाळपर्यंत तातडीने', त्यात हे आणखी एक. वेळच उरत नाही.

म्हणून पहिलं काम हे की मार्क देणारा आणि शिक्षा करणारा माणूस या कामावर नको. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिलीत, त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायलाच हवा असं आहे, आणि १०० पेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून ठेवायची. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृह सगळ्यांना लागू. संस्थाचालक 'बजेट नाही' म्हणाले की हा निकाल पुढे ठेवायचा, आवाज न चढवता.

तरीही पद भरेपर्यंत काय? जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाला पत्र द्या, एमएसडब्ल्यूच्या मुलांना फील्डवर्कसाठी जागा हवीच असते. पण एक लक्षात ठेवा, ती शिकणारी पोरं आहेत, त्यांच्यावर देखरेख करणारे त्यांचे प्राध्यापक महिन्यातून एकदा तरी शाळेत आले पाहिजेत हे पत्रातच लिहून घ्या. तालुक्याला तीन-चार शाळा मिळून एक समुपदेशक ठेवणं हाही चांगला मार्ग, प्रत्येक शाळेला आठवड्याचा एक ठरलेला वार. आणि अगदीच कुणी नसेल, शिक्षकालाच करावं लागणार असेल, तर निदान त्यांच्या तासिका कमी करा आणि ज्या वर्गाला ते शिकवतात त्या वर्गाची पोरं त्यांच्याकडे पाठवू नका.

जागा

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये नको. स्टाफरूमच्या कोपऱ्यात तर मुळीच नको, तिथं कान असतात. लायब्ररीचा एक भाग, जुनी लॅब, काहीही चालेल, फक्त बाहेरून दिसलं पाहिजे आणि ऐकू नाही आलं पाहिजे. दाराला काच, नाहीतर दार अर्धं उघडं. मुलाच्याही सुरक्षिततेसाठी आणि बोलणाऱ्या माणसाच्याही.

आणि कृपा करून माइकवरून 'आठवी अ मधल्या अमुक विद्यार्थ्याने समुपदेशनासाठी यावे' असं पुकारू नका. सगळा वर्ग हसतो आणि ते पोरगं पुन्हा त्या खोलीच्या दिशेनं फिरकत नाही. चिठ्ठी पाठवायची, तशीच चिठ्ठी जशी फी किंवा आधार कार्डासाठी ऑफिसातून येते. सुरुवातीला तर सगळ्याच मुलांना पाच-सहाच्या गटानं एकदा त्या खोलीत बोलवा, नुसत्या गप्पांना. मग तिथं जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं राहत नाही.

पेटी, जी आधीच आहे

तक्रारपेटी लावायचे आदेश आहेत म्हणून ती बहुतेक शाळांत आहे. कुठं असते? मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर, वर सीसीटीव्ही, खाली गंजलेलं कुलूप. कोण टाकणार चिठ्ठी? ती पेटी उचला आणि पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्याखाली लावा, जिथं पोरं अशीही घुटमळतात. 'सेहर'मध्येही अशी पेटी होती आणि तिच्या जोडीला भित्तिपत्रक. आठवड्याचा एक वार ठरवा, दोन जणांनी मिळून उघडायची, त्यातली एक बाई हवीच. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) असेल तर तिच्यातल्याच एका सदस्यावर सोपवा.

पहिले काही आठवडे काय निघेल ते आधीच सांगते: खिचडी कच्ची असते, अमका तमकीवर लाइन मारतो, एक-दोन शिव्या, कुणाचं तरी बदामाचं चित्र, आणि 'मुलींच्या टॉयलेटला कडी नाही'. ही शेवटची चिठ्ठी सोन्यासारखी. दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून कडी बसवा आणि भित्तिपत्रकावर लिहा, 'कडीबद्दल चिठ्ठी आली होती, कडी बसली.' नाव नाही, काही नाही. पोरं बघतात बरं का, की लिहिलं तर काहीतरी होतं. त्यानंतर मग पेटीत खऱ्या चिठ्ठ्या यायला लागतात, व्हॅनवाल्या काकांबद्दल, मोठ्या वर्गातल्या मुलांबद्दल, झोप न येण्याबद्दल. कडी बसली नाही तर त्या चिठ्ठ्या कधीच येणार नाहीत.

वर्तनाची वही, सगळ्यात महत्त्वाचं काम

आपल्याकडे वर्तनाची नोंद म्हणजे 'मस्ती करतो', 'लक्ष देत नाही', 'उद्धट'. यातून काहीही कळत नाही. एक दोनशे पानी वही घ्या, आडवे चार रकाने पाडा: तारीख आणि तास, आधी काय चाललं होतं, मुलानं नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं. मत लिहायचं नाही, जे दिसलं तेच. 'चिडला' नाही, 'वही फेकली' असं.

एक बनवलेला नमुना देते. सहावीतला मुलगा, धरा त्याचं नाव रोहन.

सोमवार, तिसरा तास. मराठी, एकेकानं उभं राहून धडा वाचणं. रोहनचा नंबर दोन बाकांवर आला तसा त्यानं पुढच्याच्या डोक्यात टपली मारली. बाहेर उभं केलं.

बुधवार, पाचवा तास. इतिहास, प्रकट वाचन. शेजाऱ्याची कंपास खाली पाडली, शिवी दिली. बाहेर उभं केलं.

गुरुवार, दुसरा तास. गणित, फळ्यावरची उदाहरणं. काही नाही.

शुक्रवार, तिसरा तास. मराठी वाचन. पोट दुखतंय म्हणाला. घरी पाठवलं.

आता सांगा, हा मुलगा उद्धट आहे का? त्याला वाचता येत नाहीये आणि चाळीस पोरांसमोर ते उघडं पडण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडतं. आणि आपण शिक्षा म्हणून त्याला नेमकं हवं तेच देतोय. अशा मुलाला वागणुकीवर लेक्चर द्यायचं नसतं. आधी वर्गात मोठ्यानं वाचायला लावणं थांबवायचं, मग डोळे तपासायचे, कान तपासायचे, आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचं, पथक शाळेत येतं तेव्हा आवर्जून दाखवायचं, आणि मग अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातच अडचण) आहे का ते बघायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन हॉस्पिटलचं अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक जुनं आणि नावाजलेलं आहे, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजला विचारा, समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांनाही रस्ता माहीत असतो. हे नववीच्या शेवटी सुरू करू नका, तारखा मिळता मिळता वर्ष जातं.

वही दोन-तीन आठवडे लिहिली की नमुना दिसतोच. कुणाचा गोंधळ फक्त मधल्या सुट्टीआधी, म्हणजे सकाळी काही न खाता आलेला. कुणाचा फक्त सोमवारी, म्हणजे शनिवार-रविवारी घरी काहीतरी. कुणी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून, म्हणजे रात्री दोनपर्यंत रील्स, किंवा पहाटे उठून घरचं सगळं काम करून आलेली मुलगी. कारण कळलं की अर्ध्या तक्रारी साध्या उपायानं मिटतात, समुपदेशकापर्यंत जायचीही गरज पडत नाही.

आणि हो, वहीत फक्त दंगा करणारी पोरं नकोत. जी अचानक गप्प झाली, जिनं डबा खायचं सोडलं, जी उन्हाळ्यातही फुल बाह्यांचा टीशर्ट आत घालून येते, ज्यानं आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, त्यांची नावं आधी. ती कुणालाच त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्याच नजरेत येत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ सालच्या, १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. म्हणजे साठच्या वर्गात चार जण धरा. त्यातले दंगेखोर एक-दोनच असतील.

बोलायचं कसं

'तुझा प्रॉब्लेम काय आहे?' या प्रश्नाला जगातलं प्रत्येक पोरगं 'काही नाही' असंच उत्तर देतं. त्याऐवजी जे पाहिलं ते सांगा. 'या आठवड्यात तीन दिवस तू डबा तसाच परत नेलास, मी पाहिलं. म्हटलं विचारावं.' आणि मग गप्प बसा. ही गप्प बसायची पायरी आपल्या लोकांना सगळ्यात जड जाते, लगेच सल्ला सुरू होतो, 'आमच्या वेळी आम्ही चार मैल चालत...' नको.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र कधीही देऊ नका. सुरुवातीलाच सांगायचं: 'तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तीन गोष्टी मला सांगाव्याच लागतात. तू स्वतःला काही करून घेणार असशील, दुसऱ्या कुणाला करणार असशील, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, हात लावत असेल.' तिसऱ्या गोष्टीत शाळेला पर्यायच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे आणि आपल्या हाताखालच्या माणसानं केलेलं दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो', 'शाळेची बदनामी होईल', 'दोन्ही पालकांना बसवून मिटवू', यातलं काहीच चालत नाही. मुलाला परत परत सगळं सांगायला लावू नका, एकदा जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि कळवा. १०९८ ही चाइल्डलाइन यासाठीच आहे.

मरणाचा विषय निघाला तर? 'जगावंसं वाटत नाही' असं कुणी लिहिलं, बोललं, किंवा मैत्रिणीनं येऊन सांगितलं, तर थेट विचारा, 'स्वतःला संपवायचा विचार मनात येतो का?' विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरते ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. हो म्हणालं तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, टॉयलेटलाही नाही. पालकांना फोन करून बोलवा, 'लगेच या, शाळेत आहे, सुरक्षित आहे' एवढंच सांगा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास फुकट, मराठीत बोलतात, शिक्षकानं स्वतः फोन केला तरी चालतो. पालकांच्या हातात त्याच दिवसाची जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या, आणि घरातली कीटकनाशकं, गोळ्या कुलपात ठेवायला सांगा. शेतकरी घरात हे सांगायचं हमखास राहून जातं आणि तेच सगळ्यात गरजेचं असतं. 'नाटक करतंय', 'लक्ष वेधून घेतंय' हे शब्द स्टाफरूममध्येसुद्धा नकोत. मूल परत शाळेत येईल त्या सकाळी कोण भेटणार, राहिलेला अभ्यास कसा द्यायचा, वर्गाला काय सांगायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं असू द्या.

शिक्षा बंद, मग शिस्त कशी?

हा प्रश्न प्रत्येक शिक्षण परिषदेत येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे, एप्रिल २०१० पासून. सुप्रीम कोर्टाच्या त्याच तत्त्वांत मार्कांवरून तुकड्या पाडणं आणि सर्वांसमोर अपमान करणं टाळा असंही आहे. पालकांच्या ग्रुपवर सगळ्या वर्गाच्या मार्कांचा फोटो टाकणं हे यातच येतं, आधी ते थांबवा. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण अभ्यास, परीक्षा, निकाल असंच सांगितलं. त्यात आपण आणखी भर का घालायची?

शिस्त मात्र हवीच, आणि मी तर म्हणेन जास्त कडक हवी, फक्त वेगळी. मारामारी झाली की दोघांना वेगळं करा, पंधरा-वीस मिनिटं कुणीच काही विचारायचं नाही, रागात मेंदू ऐकतच नाही. मग एकेकाला वेगळं बोलवून तीनच प्रश्न: काय झालं, कुणाला काय त्रास झाला, आता तो भरून कसा काढणार. डबा सांडला असेल तर उद्या आपल्या डब्यातलं अर्धं द्यायचं. वही फाडली असेल तर लिहून द्यायची. 'सॉरी म्हण त्याला' हे सगळ्यात स्वस्त आहे, त्यात काहीच सुटत नाही. शंभरदा 'मी भांडणार नाही' लिहिण्यापेक्षा फाडलेली दहा पानं लिहून देणं पोराला जास्त जड जातं, विचारून बघा. दादागिरीच्या बाबतीत मात्र दोघांना समोरासमोर बसवू नका, घाबरलेला मुलगा दादासमोर 'काही नाही सर, मस्करी होती' असंच म्हणणार.

परिपाठात पाच मिनिटं डोळे मिटून बसवणं, ठेवा हवं तर. पण त्यावर फार भिस्त नको. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत आठ हजारांवर मुलांना वर्गात माइंडफुलनेस शिकवून पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

पालक

'तुमच्या मुलाला मानसिक प्रॉब्लेम आहे' असं पालकसभेत म्हटलंत की संपलं. 'आमचं पोरगं काय येडं हाय का?' आणि दुसऱ्या दिवशी दाखला मागायला हजर. झोप, भूक, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं, या शब्दांत बोला, एकेकाशी वेगळं बोला आणि आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगा, खरी. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळी अकराला बोलावू नका, त्याचा खाडा होतो, संध्याकाळी सातनंतर फोन करा. कुणी देवऋषाकडे नेत असेल तर वाद घालू नका, 'ते करा, पण गुरुवारची डॉक्टरांची तारीख चुकवू नका' एवढं बोला. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, त्या नावानं पाठवलं तर पालक सहज जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल आजीकडे मागे राहत असेल तर दिवाळीनंतर आजी हीच पालक, तिचा किंवा शेजाऱ्याचा नंबर वहीत हवा.

फरक पडतोय का ते कसं बघायचं

जूनमध्येच चार आकडे लिहून ठेवा: महिन्याची गैरहजेरी, उशिरा येणारे, मुख्याध्यापकांकडे पाठवलेली प्रकरणं, आणि 'पोट दुखतंय, घरी जाऊ का' म्हणणारे. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्चमध्ये परत तेच मोजा. पहिल्या सहामाहीत तक्रारी वाढतील. घाबरू नका आणि संस्थाचालकांना हे आधीच सांगून ठेवा, कारण पोरं बोलायला लागली की आकडा वाढणारच, आधी तो दडलेला होता. कमी होतं ते हळूहळू, साधारण वहीतले सोमवार आणि वाचनाचे तास आधी शांत होतात, मग मधली सुट्टी. नालंदातसुद्धा दुसऱ्या वर्षी फरक आणखी ठळक झाला होता. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यांवर प्रकल्प गुंडाळू नका.

एप्रिलचं एक काम उरतं आणि तेच नेहमी विसरतं. समुपदेशक बहुतेक करारावर असतो, मेमध्ये करार संपतो, जूनमध्ये नवा माणूस येतो आणि पोरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, मग ती सांगतच नाहीत. म्हणून वार्षिक परीक्षा संपायच्या आत ज्या मुलांची भेट चालू आहे त्यांना सांगा की मी पुढच्या वर्षी असेन की नाही, आणि नसेन तर कोण. वही आणि भेटींच्या नोंदी कुलपात, चावी मुख्याध्यापक आणि आणखी एकाकडे, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही नाही. सुट्टीत ज्यांची काळजी वाटते त्यांच्या घरी दोन फोन, एक मेच्या पहिल्या आठवड्यात, एक दहावीच्या निकालाच्या दिवशी. आणि १४४१६ नंबर निकालपत्रकाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापून घ्या, छापखान्याला निकालपत्रकं टाकायच्या आत सांगितलं तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.